कॅनडाची पीफास-छाननी: दारावर कडक, घरात संथ

कॅनडात एखादं नवं रसायन बनवायचं किंवा बाहेरून आणायचं असेल तर आधी सरकारी छाननीतून जावं लागतं. हे काम दोन खाती मिळून करतात, पर्यावरण व हवामानबदल खातं आणि आरोग्य खातं. कायदा आहे 1999 चा कॅनडा पर्यावरण संरक्षण कायदा. हे परीक्षण त्या छाननीचं, एक सेवा म्हणून. तिच्याशी तीन प्रकारच्या लोकांचा संबंध येतो: तिथले आयातदार, त्यांना कापड, रंग, फिनिशिंगची रसायनं पाठवणारे आपल्याकडचे कारखानदार, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप चालतो ते नळाचं पाणी पिणारे लोक. कसोटीला घेतलाय तो एकच गट, पीफास, म्हणजे फ्लोरिनयुक्त रसायनांचं भलंमोठं कुटुंब.

निकाल आधी सांगतो. नवं रसायन दारातच थोपवण्यात ही यंत्रणा चांगली आहे. पाचपैकी चार गुण. आधीपासून बाजारात असलेलं रसायन ओळखून बाहेर काढण्यात पाचपैकी दोन, तेही अलीकडे गाडी रुळावर आली म्हणून. पिण्याच्या पाण्याच्या उद्दिष्टाला साडेतीन. एवढी तफावत पडते कारण बंदी घालायला पुरावा किती लागतो याचे नियम नव्या रसायनाला वेगळे आणि जुन्याला वेगळे आहेत.

ज्या रेणूत निदान एका मिथाइल किंवा मिथिलीन कार्बनवरच्या सगळ्या हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन बसला आहे तो पीफास, अशी ओईसीडी या विकसित देशांच्या आर्थिक संघटनेची 2021 ची व्याख्या आहे आणि कॅनडाने तीच घेतली. त्या हिशेबाने हजारो पदार्थ यात येतात. कार्बन-फ्लोरिन बंध अतिशय चिवट; ऊन, पाणी, जंतू कोणालाच तो दाद देत नाही. पीफास तेल आणि पाणी दोन्ही झटकतो म्हणून विमानतळावरचा आग विझवायचा फेस, रेनकोट, खाद्यपदार्थांचे तेलरोधक कागद, क्रोम प्लेटिंगच्या टाकीतली वाफ दाबायचं द्रावण, अशा सगळीकडे तो वापरला गेला. त्याच चिवटपणामुळे एकदा भूजलात गेला की परत काढणं जवळपास अशक्य. इथे सावधगिरीचं तत्त्व लागतं ते यासाठी. नुकसान पूर्ण सिद्ध होईपर्यंत थांबलं, तर सिद्ध होतं तेव्हा हातात करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. कायद्याच्या कलम 2 मध्ये हे तत्त्व स्पष्ट लिहिलेलं आहे: गंभीर किंवा भरून न येणाऱ्या हानीचा धोका असेल तर पूर्ण वैज्ञानिक खात्री नाही या सबबीवर परवडणारे उपाय पुढे ढकलायचे नाहीत.

दारावर

नवं कोणतं हे ठरवायला एक यादी आहे, देशांतर्गत पदार्थांची. 1 जानेवारी 1984 ते 31 डिसेंबर 1986 या काळात जे पदार्थ कॅनडाच्या बाजारात होते ते तिच्यात मूळचे. तपासून मंजूर झालेले नंतर जोडले जातात. तुमच्या पदार्थाचा सीएएस क्रमांक, म्हणजे रसायनाचा जगभर चालणारा ओळख क्रमांक, या यादीत नसेल तर तो नवा, आणि आयातदाराला माहितीचं पाकीट भरून द्यावं लागतं. वर्षाला 100 किलो ओलांडण्याआधी पहिलं, 1,000 किलोआधी दुसरं, 10,000 किलोआधी तिसरं. खात्यांना तपासायला मिळणारे दिवस अनुक्रमे 5, 60 आणि 75. पहिल्या पाकिटात पदार्थाची ओळख आणि वापर एवढंच असतं. दुसऱ्यात विद्राव्यता, बाष्पदाब, ऑक्टॅनॉल-पाणी गुणोत्तर, जैवविघटन, मासे, डॅफ्निया (पाण्यातला बारीक जीव) किंवा शेवाळावरची तीव्र विषारिता, जनुकीय बदलाची चाचणी. तिसऱ्यात त्याहून महागाच्या चाचण्या, त्यांत 28 दिवस रोज डोस देऊन केलेला प्राण्यांवरचा अभ्यासही आला. ज्या पदार्थाची अमेरिकेच्या यादीत आधीच नोंद आहे त्याला बहुतेक वेळा सवलत मिळते.

वेळापत्रक पाळलं जातं, काय द्यायचं ते आधी कळतं, आणि पाकीट भरण्यापूर्वी अधिकाऱ्यांशी सल्लामसलत करता येते. ती करावीच, कारण फ्लोरिनवाल्या पदार्थांत चाचण्याच दगा देतात.

ऑक्टॅनॉल-पाणी गुणोत्तराचंच घ्या. पदार्थ चरबीत मुरतो की पाण्यात राहतो हे जोखायला एका बाटलीत ऑक्टॅनॉल आणि पाणी घेऊन, पदार्थ टाकून हलवतात आणि थर वेगळे झाले की दोन्हीकडची मात्रा मोजतात. पीएफओएस या आठ कार्बनच्या पीफाससारखा साबणी पदार्थ टाकला की थर वेगळे होतच नाहीत, मध्ये पांढरट फेसाळ थर साचतो आणि आकडा निघत नाही. प्रयोगशाळेने तरीही संगणकी अंदाजाचा आकडा चिकटवून दिला तर तपासणीत तो टिकत नाही आणि पाकीट परत येतं. त्यापेक्षा मोजता आलं नाही हे कारणासह लिहावं आणि प्रथिनांना चिकटण्याची माहिती सोबत जोडावी.

दुसरी फसगत जैवविघटनाच्या 28 दिवसांच्या चाचणीत होते. किती ऑक्सिजन खाल्ला गेला किंवा किती कार्बन डायऑक्साइड सुटला यावर ती विघटन मोजते. फ्लोरोटेलोमर म्हणजे अर्धा फ्लोरिनवाला, अर्धा साधा असा पीफास; त्याच्या रेणूचा फ्लोरिन नसलेला भाग जंतू खातात, आकडा वर चढतो, आणि फ्लोरिनची शेपटी तशीच उरते. पुढे तिचंच परफ्लोरोकार्बोक्झिलिक आम्ल होतं, आणि ते काही केल्या मोडत नाही. अहवालात ‘विघटन होतं’ असं आलं म्हणजे पदार्थ निरुपद्रवी, असं कोणी समजू नये. मागे काय उरलं ते विचारावं.

कॅनडाच्या छाननीने हे विचारलं, आणि म्हणूनच तिला चार गुण. डाग-पाणी झटकणाऱ्या फिनिशसाठीचे चार नवे फ्लोरोटेलोमर पदार्थ तिच्यापुढे आले तेव्हा ते स्वतः विषारी आहेत असं सिद्ध झालेलं नव्हतं. पण ते मोडून कार्बनच्या लांब साखळीची परफ्लोरो आम्लं तयार होऊ शकतात, आणि ती आम्लं तोवर आर्क्टिकच्या प्राण्यांत सापडायला लागली होती. कलम 84 खाली नव्या पदार्थाला एवढं पुरतं: तो विषारी आहे किंवा होऊ शकतो असा मंत्र्यांना संशय असला तर अटी घालता येतात, आणखी चाचण्या मागता येतात किंवा सरळ मनाई करता येते. 2004 मध्ये चौघांवर मनाई आली. अशी मनाई दोन वर्षांत आपोआप सुटते, त्याआधी कायमच्या नियमाचा मसुदा राजपत्रात आला तरच टिकते. 2006 मध्ये मसुदा आला आणि मनाई टिकली. लांब साखळीच्या आम्लांसाठी कृती आराखडाही त्याच वर्षीचा. नुकसान होण्याआधी थांबवलं, असं ठामपणे म्हणता येईल अशी उदाहरणं रसायनांच्या कारभारात फार नाहीत. हे त्यांपैकी एक.

घरात

यादीत आधीपासून बसलेल्या सुमारे 23,000 पदार्थांची वर्गवारी सप्टेंबर 2006 मध्ये संपली. त्यांतले साधारण 4,300 पुढच्या तपासासाठी निवडले गेले आणि डिसेंबर 2006 मध्ये रसायन व्यवस्थापन आराखडा सुरू झाला. संशय इथे पुरत नाही. पदार्थ कलम 64 च्या अर्थाने विषारी आहे असा निष्कर्ष काढावा लागतो, त्याचा मसुदा लोकांपुढे ठेवावा लागतो, हरकती घ्याव्या लागतात, मग अंतिम अहवाल, मग यादीत समावेश, मग नियम. एकेका पदार्थाला वर्षं जातात.

पीएफओएसचा अहवाल 2006 चा. या अहवालात छाननीची सगळ्यात मोठी खोट उघडी पडते. 2000 च्या नियमांनुसार पदार्थ शरीरात साठतो असं म्हणायला जैवसंचय किंवा जैवसांद्रतेचा गुणांक (पाण्याच्या मानाने शरीरात किती पट साठतो तो आकडा) 5,000 किंवा त्याहून जास्त हवा, नाहीतर ऑक्टॅनॉल-पाणी गुणोत्तराचा लॉग 5 किंवा त्याहून जास्त. ही मोजपट्टी पीसीबी, डीडीटी अशा चरबीत मुरणाऱ्या पदार्थांसाठी बनलेली. पीएफओएस चरबीत न जाता रक्तातल्या प्रथिनांना आणि यकृताला धरतो. माशांवरच्या चाचणीत त्याचा गुणांक 5,000 च्या खालीच राहिला, कारण मासा तो कल्ल्यांतून पाण्यात सोडू शकतो. हवेत श्वास घेणाऱ्या प्राण्याला ती वाट नाही. म्हणून त्याच वेळी आर्क्टिकमधल्या ध्रुवीय अस्वलांच्या यकृतात तो ग्रॅममागे हजारांच्या घरात नॅनोग्रॅम सापडत होता, कारखान्यांपासून हजारो किलोमीटरवर. आकड्याच्या नियमाप्रमाणे हा पदार्थ साठत नव्हता, अस्वलाच्या यकृतात मात्र साठलेला होता.

अहवाल लिहिणाऱ्यांनी हे झाकलं नाही. माशांचा गुणांक आणि सस्तन प्राण्यांचे पुरावे दोन्ही मांडून त्यांनी पर्यावरणाला घातक असा निष्कर्ष दिला, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण आकडा बसत नसल्याने कायद्यातलं सगळ्यात कडक कलम, जवळपास पूर्ण उच्चाटनाचं, आपोआप लागू होईना. ते व्हावं म्हणून संसदेला 2008 मध्ये एकट्या पीएफओएससाठी वेगळा कायदा करावा लागला. त्याच वर्षी वापरबंदीचे नियम आले, तेही आगीच्या फेसाला आणि क्रोम प्लेटिंगच्या काही वापरांना मुदतीची सूट देऊन. त्याआधी, 2000 साली, 3एम कंपनीने पीएफओएसचं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलेलं होतं. म्हणजे नियम आला तेव्हा बाजार आधीच वळलेला होता.

पीएफओए (पीएफओएसचाच आठ कार्बनचा भाऊबंद) आणि लांब साखळीच्या आम्लांचे अहवाल 2012 मध्ये आले, बंदी डिसेंबर 2016 मध्ये लागू झाली. गुणांकाचा पेच तोच, निष्कर्षाची धाटणीही तीच. या बंदीत एक मोठं भोक राहिलं: तयार वस्तू. 2016 च्या नियमांत पीएफओएची बाटली आयात करायला बंदी होती, पण पीएफओए लावलेलं जॅकेट किंवा गालिचा आणायला हरकत नव्हती. ज्या देशात हा पदार्थ मुख्यतः तयार मालातून येतो तिथे अशी सूट म्हणजे नियमाचा निम्मा जीव काढून घेणं. याचं समर्थन आम्हाला पटलेलं नाही.

दरम्यान उद्योगाने आठ कार्बनची साखळी सोडून सहाची, चारची धरली. एकेक पदार्थ तपासणारी छाननी यात कायमच मागे पडते. एकाचा अहवाल पुरा होईपर्यंत त्याचा धाकटा भाऊ बाजारात, आणि त्याच्याबद्दल माहिती कमी म्हणून त्याला मोकळीक. छोट्या साखळ्या शरीरातून लवकर निघतात हे खरं, पण पाण्यात त्या जास्त लांब जातात, पालेभाज्यांत शिरतात आणि कोळशाच्या गाळणीला कमी चिकटतात.

गट म्हणून

जून 2023 मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. पीफासच्या सद्यस्थितीचा अहवाल मसुदा म्हणून मे 2023 मध्ये, सुधारित मसुदा जुलै 2024 मध्ये आणि अंतिम स्वरूपात मार्च 2025 मध्ये आला. यात पहिल्यांदा सगळा गट एकत्र तपासला गेला आणि फ्लोरोपॉलिमर वगळून बाकी सगळे पीफास विषारी पदार्थांच्या यादीत घालण्याचा प्रस्ताव झाला. अहवालातला एक आकडा पुरेसा बोलका आहे: पीएफओए, पीएफओएस आणि सहा कार्बनचा पीएफएचएक्सएस हे तिन्ही कॅनडातल्या किमान 98.5 टक्के लोकांच्या रक्तात सापडतात. ज्यांची माहितीच नाही अशा हजारो पदार्थांबद्दल अहवाल काय म्हणतो हे जास्त महत्त्वाचं. चिवटपणा सगळ्यांत सारखा, ज्यांचा अभ्यास झाला त्यांत त्रास दिसला, लोकांच्या अंगात मिश्रणच जातं. तेव्हा माहितीचा अभाव हा निर्दोषत्वाचा पुरावा धरायचा नाही. सावधगिरीचं तत्त्व कायद्यातून उचलून कामाला लावलेलं इथे दिसतं. 2006 मध्येच हे झालं असतं तर छोट्या साखळ्यांचा फेरा टळला असता.

फ्लोरोपॉलिमर, म्हणजे टेफ्लॉनसारखे मोठे रेणू, वेगळे काढले ते त्यांचं वर्तन वेगळं दिसतं म्हणून. शरीरात ते सहसा शिरत नाहीत हे बरोबर. पण ते बनवताना वापरलेली मदतनीस रसायनं आणि शेवटी जाळल्यावर निघणारे वायू यांचा हिशेब त्यांच्याच खात्यावर मांडायला हवा.

अंमलबजावणी तीन टप्प्यांत ठरली आहे. आधी आगीचा फेस. मग जिथे पर्याय आहेत आणि आरोग्य-सुरक्षेला गरज नाही असे वापर: सौंदर्यप्रसाधनं, खाद्यपदार्थांचं वेष्टन, रंग, चिकटद्रव्यं, सफाईची द्रावणं, कपडे, स्कीचं मेण. डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधं, वैद्यकीय उपकरणं, वाहतूक, लष्कर तिसऱ्या टप्प्यात. कपड्यांच्या व्यवसायात असाल तर दुसरा टप्पा तुमचा.

माल पाठवणाऱ्यांसाठी

जुलै 2024 मध्ये कलम 71 खाली 312 पीफासबद्दल 2023 सालची माहिती सक्तीने मागवली गेली. मुदत जानेवारी 2025 अखेर. काही प्रकारच्या आयातीला उंबरठा होता अवघा 10 ग्रॅम, तोही एक पीपीएम, म्हणजे दहा लाखांत एक भाग, एवढ्या मात्रेपासून. माहिती मागवायची ही पद्धत योग्यच, पण ती भरताना बहुतेकांची गाडी एकाच जागी अडली, ती म्हणजे रसायनासोबत येणारं सुरक्षा माहितीपत्रक. त्याच्या तिसऱ्या भागात घातक ठरलेले घटक ठराविक टक्केवारीच्या वर असतील तरच लिहितात. एक पीपीएम पीफास तिथे कधीच दिसत नाही. शिवाय पुरवठादार ‘व्यापारी गुपित’ म्हणून हात वर करतो.

आपल्याकडून माल जात असेल तर पुढच्या मागणीची वाट न बघता फिनिशिंग रसायनाच्या पुरवठादाराकडून सीएएस क्रमांकानिशी लेखी हमी घ्या. ‘पीएफओए-मुक्त’ एवढ्या शब्दावर समाधान मानू नका, तो सहा कार्बनचा फिनिश असू शकतो. दर लॉटमधला एक तुकडा एकूण सेंद्रिय फ्लोरिनसाठी तपासून घ्या: नमुना जाळून निघालेला फ्लोराइड आयन क्रोमॅटोग्राफीवर मोजतात. ही चाचणी कोणता पीफास ते सांगत नाही, पण कुठे शोधायचं ते सांगते. आकडा वर आला की मगच एकेका पदार्थाच्या महागड्या तपासणीवर पैसे घालावेत. फ्लोरिनविरहित फिनिश, पॅराफिन किंवा सिलिकॉनवर आधारित, पाणी झटकायला चालतात. तेल झटकायला नाही, हे ग्राहकाला आधीच सांगून ठेवा.

नळाच्या पाण्यासाठी

आरोग्य खात्याने ऑगस्ट 2024 मध्ये उद्दिष्ट ठरवलं: 25 पीफासची बेरीज लिटरला 30 नॅनोग्रॅमच्या आत. आधीची मार्गदर्शक पातळी एकट्या पीएफओएसला 600 आणि पीएफओएला 200 होती, त्यामुळे ही झेप मोठी आहे, आणि बेरीज धरणं हे एकेक मोजण्यापेक्षा जास्त प्रामाणिक. उणीव दोन. हे उद्दिष्ट आहे, बंधन नाही; पाणी प्रांतांच्या अखत्यारीत येतं. आणि 25 च्या यादीत ट्रायफ्लोरोअॅसिटिक आम्ल नाही, जे व्याख्येने पीफासच आहे. तसं पाहिलं तर ओंटारिओतल्या नॉर्थ बेसारख्या गावाला उद्दिष्टाचा आकडा उशिराच मिळाला. तिथल्या विमानतळावर 1970 च्या दशकापासून लष्कराच्या अग्निशमन सरावात वापरलेला फेस जमिनीत मुरला आणि पिण्याच्या पाण्याच्या ट्राउट तलावापर्यंत पोचला. 2021 च्या करारानुसार सफाईसाठी संरक्षण खातं 1.94 कोटी डॉलरपर्यंत देतंय. एका गावाच्या एका जागेचा हा खर्च.

तपासणी करून घ्यायची तर अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची (ईपीए) 533 किंवा 537.1 क्रमांकाची पद्धत वापरणारी प्रयोगशाळा निवडा. 533 मध्ये 25 पदार्थ आणि छोट्या साखळ्या जास्त चांगल्या सापडतात, 537.1 मध्ये 18. बाटली पॉलिप्रोपिलीन किंवा तत्सम प्लास्टिकची, झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर नको, नळाला टेफ्लॉन टेप असेल तर पाणी आधी भरपूर सोडा. नमुना घेताना रेनकोट किंवा डागरोधक कपडे नकोत, हातात नायट्राइलचे मोजे हवेत. बाटलीतली पांढरी पूड फेकू नका, ती क्लोरीन मारायला ठेवलेली असते. सोबत प्रयोगशाळेने दिलेल्या कोऱ्या (पीफास नसलेल्या) पाण्याची एक बाटली तिथेच उघडून भरा. तिच्यात पीफास निघाला तर दोष नमुना घेण्यात आहे.

पाणी उकळून उपयोग नाही, वाफ गेली की मात्रा उलट वाढते. घरी आरओ किंवा दाणेदार कोळसा चालतो. गाळण्यांना दाखले देणाऱ्या एनएसएफ संस्थेचा 58 (आरओसाठी) किंवा 53 (कोळशासाठी) क्रमांकाचा दाखला पाहा आणि त्यात पीफासचा स्पष्ट उल्लेख आहे का ते वाचा. जुने दाखले फक्त पीएफओए-पीएफओएससाठी आणि 70 नॅनोग्रॅमच्या हिशेबाने दिलेले आहेत. कोळशाचं काडतूस वेळेवर बदललं नाही तर छोट्या साखळ्या आधी निसटतात, आणि चवीवरून ते कळत नाही.

आपल्याकडे

भारतात अशी खिडकीच नाही, जिथे नवं रसायन बाजारात येण्याआधी थांबून जबाब देतं. 2018 च्या चिवट सेंद्रिय प्रदूषकांच्या नियमांत सात पदार्थ आले, त्यांत पीएफओएस नाही. आणि विषय दूरचा राहिलेला नाही. इटलीत व्हिचेन्झाजवळच्या त्रिस्सिनो इथला मितेनी कारखाना तीनेक लाख लोकांचं भूजल पीफासने बिघडवून 2018 मध्ये बुडाला. जून 2025 मध्ये तिथल्या न्यायालयाने त्याच्या अधिकाऱ्यांना तुरुंगवासाच्या शिक्षा ठोठावल्या. त्या कारखान्याची यंत्रसामग्री एका भारतीय कंपनीने विकत घेऊन रत्नागिरी जिल्ह्यात लोटे परशुरामला आणली आहे. लोट्याचं सांडपाणी दाभोळ खाडीकडे जातं, जिच्यावर मासेमारांची गावं जगतात.

कॅनडाच्या कायद्यासारखा कायदा व्हायला वेळ लागेल. पाण्याची मूळ पातळी नोंदवायला कायदा लागत नाही. आसपासच्या विहिरी, सांडपाण्याचं तोंड, खाडीचं भरतीचं आणि ओहोटीचं पाणी, थोडा गाळ, थोडी मासळी; वर सांगितलेल्या काळजीने, पावसाआधी आणि पावसानंतर, 533 च्या यादीनुसार आणि सोबत एकूण सेंद्रिय फ्लोरिन. हे नमुने ग्रामपंचायत, महाविद्यालयाचा रसायनशास्त्र विभाग किंवा मच्छीमार सोसायटी घेऊ शकते, आणि घ्यायचे ते आत्ताच, कारण उत्पादन वर्षानुवर्षं चालल्यावर घेतलेल्या नमुन्याची तुलना करायला मागचा आकडा कुणाकडेच नसतो.